ईममधले सहा दिवस

मंगळवार

आधी गावाच्या नावाचा घोळ सांगते, गाव इंग्लंडमधलं, डर्बीशरमधलं. ई वाय ए एम असं स्पेलिंग बघून मी महिनाभर फोनवर सगळ्यांना आम्ही एयामला जाणार, एयामला जाणार असं सांगत होते, आणि शेफील्डला लेकीच्या शेजारणीपुढं तसंच म्हटलं तर ती दोन सेकंद गप्प बसली आणि मग म्हणाली, अच्छा, ईम! टीममधला ट काढायचा, झालं. इतकं सोपं होतं ते.

लेकीचं म्हणणं होतं, आई, लंडन झालं, लेक डिस्ट्रिक्ट झालं, आता एखाद्या गावात नुसतं राहून या, काही बघू नका. (यात त्यांनाही आठवडाभर घरात शांतता हवी होती हे मला कळत होतं, पण असू दे.) तिच्या ओळखीतून एक छोटं कॉटेज मिळालं, तेही नेमकं ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा या गावात सगळ्यात जास्त गडबड असते.

शेफील्डहून ग्रिंडलफर्डपर्यंत रेल्वे. पाव तासाचा प्रवास, त्यातला बराचसा टॉटली नावाच्या बोगद्यातून. आमचे हे रेल्वेतून रिटायर झालेले, त्यामुळं बोगदा आला की ह्यांच्या अंगात येतं. १८९३ चा आहे, साडेतीन मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटरच्या वर, आपला कोकण रेल्वेचा करबुडे साडेसहाचा, पण हा शंभर वर्षं आधीचा गं, हातांनी खणलेला, असं सगळं अंधारात ऐकवून होईपर्यंत उजेड आणि स्टेशन. तिथून टॅक्सी. रस्ता वर वर चढत जातो, दोन्ही बाजूला बिनसिमेंटचे दगडी गडगे, अगदी कोकणातल्यासारखे, फक्त आत आंब्याच्या ऐवजी मेंढ्या.

टॅक्सीवाला मला सारखा डक म्हणत होता. ह्यांनापण डक. मी म्हटलं बदक काय म्हणतोय हा, पण डर्बीशरमध्ये सगळ्यांनाच प्रेमानं ‘मी डक’, म्हणजे माझं बदक, असं म्हणतात, बाप्या असो की बाई. आपल्याकडं कोल्हापुरात भावा म्हणतात तसं समजायचं.

कॉटेजचं दार इतकं बुटकं की ह्यांनी शिरतानाच कपाळमोक्ष करून घेतला. बर्फ लावत बसलो होतो तेवढ्यात शेजारच्या आजी ब्रेड आणि दूध घेऊन आल्या, वय ऐंशीच्या पुढं, पाठ ताठ. बाहेर पडून त्यांच्या भिंतीवरची हिरवी पाटी वाचली आणि माझ्या घशाशी आलं. त्या घरात १६६५-६६ साली कोण कोण प्लेगनं गेलं त्याची नावं, तारखांसकट. खाली खिडकीत जिरेनियमची कुंडी आणि आत टीव्ही चालू. अशा पाट्या रस्त्यावर पुढं आणखी आहेत. आजींना विचारलं, रोज जाता-येता कसं वाटतं हो? त्या म्हणाल्या, पाटीचं काय, छप्पर गळतं त्याचं सांग.

बुधवार

सकाळी पोहे केले (कांदा, मोहरी, हळद सगळं बरोबर आणलेलं, कढीपत्ता लेकीच्या फ्रीजरमधला) आणि ह्यांचा गावातला पहिला राऊंड झाला तो थेट नोटीसबोर्डापर्यंत. गावाला आले की सगळ्यात आधी चावडीवर जायचं ही ह्यांची जुनी सवय, इथं चावडी नाही पण काचेचं दार असलेला लाकडी बोर्ड आहे.

त्या बोर्डावर काय काय होतं सांगू? पॅरिश कौन्सिलच्या पुढच्या मीटिंगचा अजेंडा, कुंपणाच्या वाढलेल्या झुडपांबद्दल विनंती, कुत्र्याची घाण उचला ही दुसरी विनंती (ती ठळक अक्षरात), योगा क्लास, सेकंडहँड पुस्तकांचा सेल, वेल ड्रेसिंगसाठी माणसं हवीत, फुलं हवीत, हायड्रेंजिया असेल तर फारच उत्तम, आणि एका करड्या मांजराचा फोटो, हरवलं आहे, शेड आणि गॅरेजमध्ये कृपया बघा. त्या मांजरावर ह्यांचा जीव जडला. नंतर रोज सकाळी ह्यांची फेरी मांजराचं काय झालं ते बघायला.

पॅरिश कौन्सिल म्हणजे आपली ग्रामपंचायतच, पण फारच हलकी. १८९४ च्या कायद्यानं सुरू झालेली, इंग्लंडात अशा दहा हजाराच्या आसपास आहेत. ना जिल्ह्याचा निधी, ना घरकुल योजना. कौन्सिल टॅक्समध्ये एक छोटा हिस्सा गावचा म्हणून जोडला जातो, त्यातून बाकं, खेळाचं मैदान, बसस्टॉपचं शेड, स्मशानाची देखभाल असलं सगळं. सदस्य बिनपगारी, पगार काय तो क्लार्कला, तोही काही तासांचा. मीटिंगच्या किमान तीन पूर्ण दिवस आधी अजेंडा असा बाहेर लावावाच लागतो. ह्यांनी सगळा अजेंडा वाचून काढला, म्हणाले अगं, यात भांडायला काहीच नाही! पण दुकानात ब्रेड घेताना पुढच्या दोन बायका पार्किंगवरून ज्या आवाजात बोलत होत्या ना, त्यावरून मला तरी वाटलं भांडायला पुष्कळ आहे. सुट्टीच्या दिवशी बाहेरचे लोक गाड्या घेऊन येतात, अरुंद रस्ता, शेतकऱ्याचा ट्रॅक्टर अडकतो. शेवटी पर्यटक नकोत की पर्यटकांचे पैसे नकोत याच्यावर येऊन थांबलं, म्हणजे महाबळेश्वरलाच उभी आहे असं वाटलं.

आणखी एक, घराची खिडकी बदलायची तरी इथं कटकट. गाव पीक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्कात आहे, ब्रिटनमधला पहिला नॅशनल पार्क, १९५१ चा, तर बांधकामाच्या परवानग्या पार्कवाल्यांकडं, गावाला फक्त मत कळवता येतं. जुनं संरक्षित घर असेल तर चौकट लाकडाचीच हवी, प्लॅस्टिकची चालत नाही. आजींचं गळतं छप्पर याच भानगडीत.

दुपारी आजींनी विचारलं, माती तुडवायला येता का? मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

तर वेल ड्रेसिंग म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही त्या दिवशीच कळलं. डर्बीशरच्या या भागात उन्हाळ्यात एकेक गाव आपापल्या विहिरी, झरे, पाण्याच्या टाक्या सजवतं. फुलांचे हार नाही घालत, तर मोठमोठ्या लाकडी चौकटीत ओली माती भरून तिच्यावर पाकळ्यांनी चित्र काढतात आणि ते पाण्याजवळ उभं करतात. टिसिंग्टन नावाचं गाव यात सगळ्यात नावाजलेलं, तिथं हे मे महिन्याच्या सुमाराला असतं. ईमचा नंबर ऑगस्टअखेर. आणि ईमला पाण्याचा अभिमान असायला कारण आहे, १५८८ साली इथं झऱ्याचं पाणी नळानं आणून दगडी डोण्यांत सोडलं होतं, इंग्लंडमधल्या पहिल्या सार्वजनिक पाणी योजनांपैकी ती एक. त्या डोण्या अजून रस्त्याच्या कडेला आहेत. १५८८ म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही बेचाळीस वर्षं आधी.

चौकटी आधी काही दिवस पाण्यात भिजत ठेवतात, नाहीतर लाकूड मातीतलं पाणी ओढून घेतं आणि भेगा पडतात. मातीत मीठ घालतात, त्यानं ओलावा टिकतो. आणि मग ती माती तुडवायची, वेलिंग्टन बूट घालून, लोण्यासारखी होईपर्यंत. एका शेडमध्ये पाच-सहा म्हातारे-म्हाताऱ्या आणि दोन शाळकरी पोरं गोल गोल तुडवत होती, आमचे हे पँट दुमडून सामील झाले. शाडूची माती मळताना येतो तोच वास! पुण्यात त्याच दिवसांत गणपतीची गडबड, आणि आम्ही इथं डर्बीशरची माती तुडवतोय. मी व्हिडिओ काढून बहिणीला पाठवला, तिचा रिप्लाय, मूर्ती कधी बसवताय?

गुरुवार

हा दिवस सगळा शेडमध्ये गेला आणि माझ्या मते अख्ख्या इंग्लंड ट्रिपमधला बेस्ट दिवस.

कागदावर मोठं चित्र काढलेलं असतं, तो कागद मातीवर पसरून रेषांवर टोचत जायचं, म्हणजे मातीवर ठिपके उमटतात. ठिपके! मी तर घरीच आले. मग त्या रेषा काळ्या करायच्या, त्यासाठी ऑल्डर झाडाची बारीक काळी बोंडं किंवा कॉफीच्या बिया, एकेक करून दाबत जायच्या. आणि मग पाकळ्या. सगळं निसर्गातलंच पाहिजे, शेवाळ, साल, बिया, पानं, लोकर. चित्र कशाचं आहे ते शनिवारपर्यंत बाहेर बोलायचं नाही अशी तंबी होती म्हणून इथंही सांगत नाही, सवय लागली.

मला आकाशाचा तुकडा मिळाला. निळ्या हायड्रेंजियाच्या पाकळ्या, त्यातही फिकट कुठं आणि गडद कुठं ते वेगळं करून ठेवलेलं. मला वाटलं यात काय, दर दिवाळीला फुलांची रांगोळी आपणच काढतो की सोसायटीत, मी आपली मधूनच सुरुवात केली भराभर. अर्ध्या तासानं आजी आल्या, चष्मा खाली केला, आणि माझं सगळं आकाश नखानं खरवडून काढलं. अक्षरशः सगळं. म्हणाल्या, खालून वर लाव डक, कौलं लावतात तशी, वरची पाकळी खालचीवर आली पाहिजे, पाऊस पडला की पाणी ओघळून गेलं पाहिजे. आपली रांगोळी जमिनीवर आडवी, हे उभं राहणार आणि आठवडाभर टिकणार, तेही इंग्लंडच्या पावसात. बरोबर होतं त्यांचं. पण अर्धा तास गेला याचं वाईट वाटलंच.

मग चार तासांत वीतभर आकाश झालं. बाजूला एक बाई मेंढी करत होती, मेंढीला खरी मेंढीचीच लोकर. गप्पा अखंड. कुणाचा गुडघा बदलला, कुणाच्या मुलानं शेफील्डला फ्लॅट घेतला कारण इथं घर परवडत नाही, अमक्या कॉटेजला वर्षातले चाळीस आठवडे कुलूप असतं, मालक लंडनचा, त्याच्या बागेतली हायड्रेंजिया तोडायला काय हरकत आहे (तोडली होती, समोरच बादलीत होती). मुळशीकडं पुणेकरांची वीकेंड घरं आहेत, तिथल्या गावकऱ्यांनी कधी आमच्यासारख्यांबद्दल अशाच गप्पा मारल्या असतील असं मनात आलं आणि मी निमूट पाकळ्या लावल्या.

माझ्या लक्षात एक गोष्ट आली ती अशी की बोर्डावर पुस्तकांच्या सेलखाली जिचं नाव होतं तीच बाई इथं माती भरत होती, योगावाली इथं चहा करत होती, पॅरिश कौन्सिलवाले गृहस्थ चौकट भिजवून आणणारे, आणि आजी सगळ्यातच. गाव हजारभर वस्तीचं, पण ते चालवतात दहा-बारा जण, तेच ते, आणि त्यातले निम्मे सत्तरीच्या पुढं. आमच्या माहेरच्या जत्रा कमिटीत अजून तेच चार काका आहेत जे मी शाळेत असताना होते. मी आजींना विचारलं, तुमच्यानंतर कोण? त्यांनी त्या दोन पोरांकडं मान हलवली. पोरं पाकळ्या एकमेकांच्या कॉलरीत घालत होती.

शुक्रवार

पाऊस. नुसता पाऊस. माती तुडवून ह्यांची कंबर धरली.

कंटाळून दुपारी म्युझियम केलं. जुन्या मेथडिस्ट चॅपलमध्ये आहे, वर वाऱ्याची दिशा दाखवायला कोंबड्याऐवजी उंदीर बसवलाय, गावाला स्वतःवर विनोद करता येतो म्हणायचा. गोष्ट थोडक्यात अशी. १६६५ च्या उन्हाळ्याअखेर लंडनहून एका शिंप्याकडं कापडाचं गाठोडं आलं, गावच्या जत्रेसाठी नवे कपडे शिवायचे होते असं सांगतात. कापड दमट होतं म्हणून जॉर्ज व्हिकर्स नावाच्या कारागिरानं ते शेकोटीजवळ सुकवलं, कापडात पिसवा होत्या, ७ सप्टेंबरला तो गेला. मग शेजारी, मग समोरचे. थंडीत जरा ओसरलं आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उसळलं. तेव्हा गावात दोन पाद्री होते, एक तरुण विल्यम मॉम्पेसन, सरकारमान्य, आणि एक आधीचा, थॉमस स्टॅनली, चर्चचे नवे नियम मान्य नाहीत म्हणून काढून टाकलेला. म्हणजे गावात दोन पार्ट्या, कळलं ना? मॉम्पेसनचं कुणी ऐकेना. त्यानं मग सरळ स्टॅनलीला हाताशी धरलं आणि जून १६६६ मध्ये दोघांनी मिळून गावाला पटवलं की आपण हद्द ओलांडून बाहेर जायचं नाही, आपल्या माणसांना आपणच आपल्या शेतात पुरायचं, आणि प्रार्थना चर्चमध्ये न करता उघड्यावर करायची. चौदा महिन्यांत २६० माणसं गेली. गाव तेव्हा साडेतीनशेचंच होतं असं पूर्वी सांगायचे, हल्ली सातशेच्या आसपास धरतात. मॉम्पेसनची बायको कॅथरिन ऑगस्टमध्ये गेली, चर्चच्या आवारात तिची कबर आहे.

मी उभ्या उभ्या आजीचं बोलणं आठवत होते, माझ्या स्वतःच्या, वाईच्या आजीचं. तिनं तिच्या आईकडून ऐकलेलं, उंदीर पडायला लागले की गाव उठायचं, माळावर झोपड्या घालून राहायचं, आणि घरात मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना कुणीतरी लांबून भाकरी ठेवायचं. म्हणजे आपण बाहेर पडलो आणि हे आत बसले. आणि पुण्यात १८९७ ला तर बाहेर काढायला गोरे शिपाईच घरात शिरले, त्याचं पुढं काय झालं ते आपल्याला शाळेपासून पाठ आहे, २२ जून, गणेशखिंड, रँड. त्याच साथीत प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या, १० मार्चला. मी तिथल्या मार्गदर्शक बाईंना हे सांगितलं, मोडक्या इंग्रजीत, पाठीवर मूल घेऊन दवाखान्यात नेलं वगैरे. त्यांनी वहीत सावित्रीबाईंचं नाव लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारून. त्या बाईंचं बोलणं मजेशीर होतं, आमच्याकडं ते झालं तेव्हा, आमच्याकडं ते झालं तेव्हा, जसं काही गेल्या वर्षी झालं. उंदीर की माणूस हा वादही अजून चालू आहे, २०१६ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी इथल्याच नोंदींवर गणित मांडून दाखवलं की जवळपास तीन चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाली असावी. म्हणजे घरात बंद बसल्यानं घरातलेच जास्त मेले की काय? हे मी त्यांना विचारलं. म्हणाल्या, बाहेर कमी मेले ना.

एक गोष्ट मात्र पुस्तकात बारीक अक्षरात येते, मॉम्पेसननं स्वतःची मुलं हद्द बंद व्हायच्या आधी बाहेरगावी पाठवून दिली होती. आईबाप म्हणून समजू शकते. पण गावानं तेव्हा काय म्हटलं असेल, दुकानातल्या त्या दोन बायकांच्या आवाजात म्हणून बघा.

चर्चच्या आवारात आठव्या शतकातला दगडी क्रॉस आहे, १७७५ ची सूर्यघडी आहे, पण आमचे हे ज्यासाठी भिजत उभे राहिले ती कबर वेगळीच. हॅरी बॅगशॉ, डर्बीशरचा क्रिकेटर, पुढं अंपायर. कबरीच्या दगडावर स्टंप कोरलेत, त्यावर बॉल आदळलाय, बॅट आहे, आणि वर अंपायरचं बोट. आऊट! ह्यांनी कंबर विसरून छत्री काखेत धरून चार फोटो काढले आणि रेल्वेच्या जुन्या टीमच्या ग्रुपवर टाकले. ग्रुपवर लगेच वाद, एलबीडब्ल्यू नाहीच, बोल्डला अंपायर बोट कशाला दाखवेल.

रात्री माइनर्स आर्म्स नावाच्या पबमध्ये जेवलो. मटार आणि चिप्स. वेज म्हटलं की हेच.

शनिवार

पहाटे ट्रॅक्टरच्या आवाजानं जाग आली. चौकटी उभ्या करायला निघाले होते. ओली माती भरलेली चौकट म्हणजे वजन किती असेल विचार करा, सात-आठ जण, दोऱ्या, फळ्या, आणि प्रत्येकाचं वेगळं मत. डावीकडं, नाही उजवीकडं, अरे माझी बोटं! मोरया म्हणायचंच काय ते बाकी होतं, ते ह्यांनी हळूच म्हटलं.

उभी राहिल्यावर मात्र सगळे गप्प झाले. लांबून ते पाकळ्यांचं वाटतच नाही, रंगवलेली काच वाटते. माझं वीतभर आकाश वरच्या डाव्या कोपऱ्यात, आता कुणाला दाखवलं तरी दिसणार नाही इतकं आकाशात मिसळलेलं. मी फोटो मोठा करून बाणबिण काढून लेकीला पाठवला.

मग चालायला निघालो, स्टोनी मिडलटनच्या बाजूला. शेतातून पायवाट आहे, मध्ये एक मोठा धोंडा, त्याला सहा भोकं. प्लेगच्या काळात ईमची माणसं या भोकांत व्हिनेगर घालून त्यात पैसे ठेवायची, पलीकडच्या गावची माणसं सामान ठेवून पैसे उचलायची. एकमेकांना लांबूनच बघत असतील. जवळच्या चॅट्सवर्थच्या अर्लनंही, म्हणजे तिथल्या सरदारानंही, अन्न पाठवायची सोय केली होती. आता लोक त्या भोकांत नाणी टाकतात, मीही एक पेनी टाकली, कशासाठी ते विचारू नका, हात गेला. कोरोनात आमच्या सोसायटीच्या गेटवर टेबल होतं, दूधवाला पिशव्या ठेवून मागं सरकायचा आणि आपण सॅनिटायझर मारलेल्या नोटा ठेवायचो. तेच की हे.

वाटेत एका शेताच्या फाटकावर अंड्यांचे डबे आणि पैशांसाठी पत्र्याची पेटी, माणूस कुणी नाही. ह्यांनी सुटे नव्हते म्हणून पाच पौंडाची नोट टाकली आणि उरलेल्या पैशांबद्दल पुढचा अर्धा मैल हळहळले.

संध्याकाळी उलट्या बाजूनं रायली ग्रेव्हज. गावापासून अर्ध्या मैलावर उघड्या उतारावर एक दगडी गोल कुंपण, आत कबरी. एलिझाबेथ हँकॉकचा नवरा आणि सहा मुलं, ऑगस्ट १६६६ मधल्या आठ दिवसांत. सात जणांना तिनं एकटीनं ओढत आणून पुरलं. नियमच होता ना, आपलं माणूस आपण. ती स्वतः वाचली. तिथं मेंढ्या चरत होत्या, वारा होता, आणि खाली गाव दिसत होतं, दिवे लागलेले. आम्ही दोघं काही बोललो नाही. उतरताना ह्यांनी माझा हात धरला तो घसरेन म्हणून असं ते म्हणतात.

रविवार

ऑगस्टचा शेवटचा रविवार म्हणजे इथं प्लेग संडे. दुपारी चर्चपासून मिरवणूक निघते, पुढं बँड, मागं पाद्री, मग गाव, मग आमच्यासारखे. चालत जायचं ककलेट डेल्फला, गावाखालच्या एका खोलगट हिरव्या दरीत, जिथं मॉम्पेसन उघड्यावर प्रार्थना घ्यायचा. एका खडकाला कमानीसारखी भोकं आहेत, तिथं तो उभा राहायचा असं सांगतात. लोक घड्या घालायच्या खुर्च्या, चादरी, थर्मास घेऊन आलेले, कुत्रीपण. उतारावर सगळे बसले, कुटुंब कुटुंब थोडं अंतर ठेवून, आणि मला एकदम वाटलं तेव्हाही असेच बसत असतील की, असंच अंतर ठेवून, आणि दर आठवड्याला कुठली चादर रिकामी झाली ते सगळ्यांना समोर दिसत असेल.

प्रार्थनेतलं निम्मं मला कळलं नाही. गाणी मात्र वाऱ्यानं वर-खाली ऐकू येत होती. मधेच एक ग्लायडर डोक्यावरून आवाज न करता गेलं, जवळच ग्लायडिंग क्लब आहे, आणि सगळी पोरं वर बघायला लागली, पाद्रीबाबापण थांबले क्षणभर. आजी माझ्या शेजारी बसल्या होत्या, गुडघ्यावर ब्लँकेट. संपल्यावर म्हणाल्या, आता आठ दिवसांनी सगळी माती खरवडायची, ते काम कुणालाच आवडत नाही, तेव्हा असतीस तर बरं झालं असतं. कार्निव्हल आणि अख्खी मेंढी भाजायचा कार्यक्रमही आम्हाला काही मिळणार नव्हता, लेकीची सुट्टी, नातीची शाळा.

निघताना त्यांना खोबऱ्याच्या वड्या दिल्या. त्यांनी डब्यात अंडी दिली, सहा, कागदात गुंडाळून, आणि पॅरिश मासिकाचा एक अंक, गावातलीच माणसं तो घरोघर टाकतात. मागच्या पानांवर प्लंबर, चिमणी साफ करणारा, कुत्री फिरवणारा यांच्या जाहिराती. गाडीत वाचायला घेतला तर आत एका पानावर पेननं गोल केलेला, पुढच्या वर्षी पाकळ्या लावायला माणसं हवीत, अनुभव आवश्यक नाही. आवश्यक नाहीच्या खाली आजींनी दोन रेघा मारल्या होत्या.

टॅक्सी येईपर्यंत हे गायब. पाच मिनिटांनी धापा टाकत आले, नोटीसबोर्डावरून. मांजराच्या कागदावर कुणीतरी मोठ्या अक्षरात सापडलं असं लिहिलं होतं. नुसतं वाचून थांबतील तर ते कसले, तिथं उभ्या असलेल्या एकाकडून सगळी माहिती काढली, मांजर गावातच होतं, दुसऱ्या टोकाला एका घरी दोन आठवडे जेवत होतं, तिथं त्याला वेगळंच नाव ठेवलेलं, आणि आता दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नाहीत.

शेफील्डच्या स्टेशनवर लेक घ्यायला आली होती. काय मग बाबा, काय विशेष गावात? हे अंड्यांचा डबा छातीशी धरून म्हणाले, मांजर सापडलं.